दोन साडूंनी वळवलेला रस्ता

तुमच्या गावावरून जाणारी गाडी नेमकी कुठं हळू होते आणि कशामुळं होते, हे तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून कधी पाहिलं आहे का? खरं सांगा. मीही पाहिलं नव्हतं. आणि न पाहताच त्या रस्त्यावर पत्रक काढून मोकळा झालो होतो.

पत्रक काढणं हा आमच्या घरचा रोग. वडील मोर्चातले. त्यांच्या पिशवीत भाकरी नसली तरी चालायचं, पत्रकं पाहिजेत. वाटून उरलेली पाठकोरी पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायचो. मागं 'जुलमी धोरणाचा धिक्कार असो' आणि पुढं माझा क, का, कि, की. त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. सातवीत असताना मी मामाला दिवाळीचं पत्र लिहिलं आणि खाली सही केली, 'न्याय मिळेपर्यंत आपला'. मामानं आईला विचारलं, याला नेमकं काय पाहिजे?

आमचं गाव हिंगोलीहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आखाडा बाळापूरच्या अलीकडं. रस्ता गावाच्या मधून जातो. घरं बहुतेक अलीकडं, शाळा आणि अंगणवाडी पलीकडं. माझी आत्या अंगणवाडीत मदतनीस होती. रोज दहा वाजता ती घरोघर फिरून लेकरं गोळा करायची. पहिलं लेकरू तिचा पदर धरायचं, दुसरं पहिल्याचा सदरा, तिसरं दुसऱ्याचा, अशी बारा-पंधरा जणांची आगगाडी करून ती रस्ता ओलांडायची. आत्याचा एक पाय लहानपणापासून अधू, त्यामुळं ही आगगाडी पॅसेंजरपेक्षाही हळू चालायची. वर्षानुवर्षं चालली. कुणाला ओरखडा आला नाही.

का आला नाही, हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

रस्ता म्हणजे आमच्या गावाचं खळं होतं. भादव्यात मूग-उडीद, दसऱ्याच्या आसपास सोयाबीन, पुढं तूर आणि संक्रांतीनंतर ज्वारीची कणसं. अर्ध्या रस्त्यावर माल पसरायचा आणि भोवती डोक्याएवढ्या दगडांची ओळ लावायची, की झालं. होळीनंतर माल संपायचा. मग लेकरांच्या सुट्ट्या, आणि सुट्ट्या संपल्या की पावसात रस्त्याला खड्डे पडायचे. ते खड्डे बुजायच्या आत पुन्हा मूग तयार.

यात दोन साडूंचा वाटा मोठा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरल्या साडूचं शेत गावात शिरताना डाव्या हाताला, धाकट्याचं शेत आणि घर पुढं पन्नास-साठ पावलांवर, उजव्या हाताला. मेव्हण्याच्या लग्नात फेटा आधी कुणाला बांधला यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. थोरल्यानं माल डावीकडं घातला की धाकटा मुद्दाम उजवीकडं घालणार. थोरल्याच्या उडदाचं वारंसुद्धा आपल्या मुगाला लागू नये, अशी त्याची शपथ होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी रस्त्यावर नवं डांबर पडलं. खड्डे गेले. भादव्यात शाळेचे एक गुरुजी मोटारसायकलवरून उडदावर घसरले. फार लागलं नाही, पण घसरले ते माझ्यासमोर, आणि मी तेव्हा कॉलेजात नव्यानं शिकून आलो होतो की सार्वजनिक मालमत्ता सर्वांची असते. मला विषय मिळाला.

पत्रकाचा मथळा होता, 'रस्ता हे कुणाच्या बापाचं खळं नाही'. पुढं तीन उद्गारचिन्हं. छापखानेवाल्याकडं त्या मापाचे तीनच खिळे होते, नाहीतर जास्त आली असती. गुलाबी कागदावर पाचशे प्रती काढल्या. बाळापूरच्या बाजारात वाटल्या, कळमनुरीच्या तहसील कचेरीत प्रत्येक टेबलावर एक ठेवली. आणि आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच एका पत्रकाचा परिणाम झाला. चौथ्या दिवशी सरकारी जीप आली, सगळ्यांना तंबी दिली, आणि आठवड्याच्या आत रस्ता आरशासारखा मोकळा झाला.

वडील म्हणाले, "एवढ्या लवकर? मागणीच चुकली असंल."

मला वाटलं, ते जळून राहिले.

थोरला साडू मला पारावर भेटला. "पोरगं शिकलं अन् आमचं खळं गेलं," एवढंच म्हणाला. मी त्याला म्हणालो, काका, गुरुजींची मान मोडली असती. ते खरंही होतं. उडदावर गाडी घसरतेच, आणि माल उचलल्यावर दगड तसेच सोडून जायची आमच्या लोकांची सवय. त्या बाबतीत मी आजही माघार घेत नाही.

पण मोकळ्या रस्त्यावर गाड्या सुटल्या. बाळापूरकडून येणारी जीप आधी गावाशी दुसऱ्या गिअरमध्ये यायची, ड्रायव्हर थोरल्याच्या मालाला वळसा घालायचा, मग धाकट्याच्या, तेवढ्यात कुणाला तरी राम राम करायचा. आता ती जीप आली कधी आणि गेली कधी, धूळ बसल्यावर कळायचं. आत्याची आगगाडी कडेला पंधरा-पंधरा मिनिटं उभी राहायला लागली.

एका सकाळी मी ओसरीवर नवीन पत्रकाचा मसुदा करत बसलो होतो. आत्या आली. तिच्या हातात एक चप्पल होती, वीतभरसुद्धा नाही एवढी, मधोमध टायरची खूण उठलेली. तिनं ती माझ्या कागदांवर ठेवली.

"शेवटच्या लेकराची पायातली निघाली," ती म्हणाली. "ते घ्यायला वळलं. मी दंडाला धरून वढलं म्हणून लेकरू माझ्याकडं आलं अन् चप्पल तिकडं ऱ्हायली."

मी पेनाला टोपण लावलं.

"आता काहून मुका झाला? तुझ्या कागदानं रोड मोकळा केला ना? मग उद्यापासून दहाला तू ये. लेकरं तू पार कर. कॉलेज बिलेज मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. गाडी थांबवायला हातात काहीतरी लाल पाहिजे, आणि आमच्या घरी लाल झेंड्यांना तोटा नव्हता. चांगला बांबूचा, मोर्चातला एक घेतला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. मला अभिमान वाटला. मग पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि शांतपणे विचारलं, "भाई, कितने बजे तक चलेगा? खाना बना लें?"

त्याला वाटलं रास्ता रोको आहे. मी काही सांगायच्या आत क्लीनरनं स्टोव्ह काढलासुद्धा.

मागच्या एसटीतून एका म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं काढलं. "मागण्या काय हायेत, बाबा?"

आता मला सांगा, पाठकोऱ्या कागदांवर वाढलेल्या माणसाला कुणी मागण्या विचाराव्या आणि त्यानं गप्प बसावं? मी सुरू झालो. रस्ता कुणाचा, वेग कुणासाठी, चालणाऱ्याला किंमत का नाही. एसटीतले लोक उतरून भोवती जमले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या मुद्द्यावर होतो तेव्हा कुणीतरी माझी बाही ओढली.

"लेकरं कवाच गेले," आत्या म्हणाली. "तिकडं प्रार्थना होऊन सुकडीबी खाऊन झाली. पुलापर्यंत गाड्या लागल्या. तुझी मागणी काय ऱ्हायली आता?"

ट्रकवाल्याची पोळी तव्यावर होती. त्यानं ती भाजून होईपर्यंत कुणालाच हलता आलं नाही.

असे अकरा दिवस गेले. मोर्चासाठी थांबणारी माणसं लेकरांसाठी का थांबत नाहीत, यावर माझा रोज संताप व्हायचा. पण त्या अकरा दिवसांत मला एक दिसलं. तेच ड्रायव्हर थांबल्यावर चांगले होते. लेकरांना हात करायचे. एकानं तर शेंगा दिल्या. मला शत्रू पाहिजे होता आणि सापडेना.

मग मी सरकारी बांधकाम खात्याला निवेदन दिलं की गतिरोधक झालाच पाहिजे. जिल्हा तेव्हा नवा नवा वेगळा झाला होता, त्यामुळं परभणीला न जाता हिंगोलीतच भागलं. तोवर रोज दहाला झेंडा घेऊन उभा राहिलो; महिन्याभरानं एक शाखा अभियंता स्कूटरवर आला. बारीक, घामेजलेला माणूस. मी भाषणाच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "आधी पाणी द्या."

पाणी पिऊन म्हणाला, "नुसता गतिरोधक करून देतो, पण उपयोग सांगू? गाडी त्याच्यावर हळू होईल आणि पुढं राग काढायला दुप्पट पळेल. गाडी गावभर हळू राहिली पाहिजे. आधी कशी राहायची?"

मी म्हणालो, आधी रस्त्यावर बेकायदेशीर धान्य होतं.

आत्या अंगणवाडीच्या दारात तांदूळ निवडत होती. "धान्यामुळं न्हाई, सायेब," ती म्हणाली. "साडू-साडूच्या भांडणामुळं."

तिनं लेकरांच्या पाटीवरचा खडू उचलला आणि अंगणवाडीच्या फरशीवर दोन लांब रेघा ओढल्या. हा रोड. इथं डाव्या अंगाला थोरल्याचा माल. पुढं इथं उजव्या अंगाला धाकट्याचा. मधून तिनं नागासारखी एक रेघ वळवत नेली. "गाडी अशी यायची. इकडून दबली की तिकडून दबायची. मधी, इथं, ड्रायव्हर दोन्हीकडं बघून ऱ्हायचा. तवा मी लेकरं काढायची. दोघं एकाच अंगाला घालत असते तर गाडी दुसऱ्या अंगानं सुटली असती."

अभियंता फरशीवर उकिडवा बसला. त्या रेघेवरून बोट फिरवत गेला. "मावशी, हे आम्हाला शिकवलं होतं," तो म्हणाला. "परीक्षेत आलं नाही, म्हणून विसरलो."

मी पाचशे प्रती काढून मोकळा करवलेला रस्ता तो. आत्यानं तो रोज पायानं मोजला होता.

आठवड्यानं डांबराची रिकामी पिंपं आली. अर्धी मुरमानं भरली, वर चुना मारला आणि मधे लाल पट्टा ओढला. लाल रंग आमच्या घरचा. तीन पिंपं डावीकडं थोरल्याच्या शेतासमोर, तीन उजवीकडं धाकट्याच्या समोर, आणि दोन्ही बाजूंना लांबूनच 'पुढे शाळा' असे फलक. अभियंता म्हणाला, पंधरा दिवस बघू, जमलं तर पक्कं करू. पहिल्याच दिवशी जीप पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये आली. ड्रायव्हरनं आम्हाला शिव्या दिल्या, पण त्या आम्हाला पूर्ण ऐकू आल्या, एवढी जीप हळू होती. मी झेंडा घरी नेऊन ठेवला.

दहाव्या दिवशी घात झाला. दोन्ही साडूंचं जमलं.

धाकट्याच्या पोरीची सोयरीक ठरली होती आणि बायकांनी मधे पडून दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. मनं एवढी स्वच्छ झाली की थोरला म्हणाला, पाव्हणं, तुमच्या घरी मांडव पडणार, बैलगाड्या येणार, तुमच्या दारची पिंपं माझ्याकडं लावू. दोघांनी मिळून पिंपं तिरपी करून काठावर तोलत, फिरवत पलीकडं नेली आणि सहाच्या सहा एका ओळीत उभी केली. दिसायला फार सुंदर दिसत होतं. उजवी बाजू सताड मोकळी, आणि तिथून एक टँकर असा गेला की आत्या लेकरांसकट मागच्या मागं खाली बसली.

मी पारावर पोचलो तेव्हा दोघं साडू एकमेकांना पान देत होते आणि आत्या समोर उभी होती.

"एवढे वर्षं भांडले," ती म्हणत होती, "अजून पाच दिवस तकलीफ होऊन राहिली होती का?"

"बाई, एकोपा झाला तर तुमाला वंगाळ वाटतं?" थोरला म्हणाला.

"घरात करा एकोपा. मांडवात करा. रोडवर भांडा. माझ्या लेकरांसाठी भांडा."

धाकट्यानं पानाची पिंक टाकली. मग थोरल्याकडं न बघता म्हणाला, "तसा फेटा आधी मलाच बांधायला पाह्यजे होता."

"मी थोरला का तू?" थोरला उठलाच. संध्याकाळच्या आत तीन पिंपं उजवीकडं परत गेली. खरं भांडले की आत्याच्या शब्दाखातर, ते मला अजून माहीत नाही. लग्नात मात्र दोघांना एकाच वेळी फेटे बांधले, दोन माणसं लावून.

पक्कं व्हायला दोन पावसाळे गेले. पिंपांच्या जागी दगडी कट्टे आले, प्रत्येकात एक कडुलिंब. दोन्हींच्या मधे, आत्यानं खडूनं दाखवलेल्या जागीच, रस्ता ओट्यासारखा रुंद उचलून घेतला आणि वर पांढरे पट्टे मारले. लिंब आता सावली देतात. आत्यानं शेवटच्या वर्षापर्यंत तिथूनच आगगाडी नेली, तेवढ्याच हळू. ती चप्पल मी ठेवली आहे. नवीन काही लिहायला बसलो की कागदावर वजन म्हणून वापरतो.

आता आमच्या रस्त्याचं रुंदीकरण होणार असं ऐकतो. कट्टे जाणार, रस्ता सरळ होणार. मी पुन्हा लिहायला बसलो आहे, पण या वेळी पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून आलो.

तुमच्याकडं मागणी एवढीच. घरात एखादं पाठकोरं पत्रक असेलच, ते घ्या. तुमच्या गावात जो सगळ्यात हळू चालतो त्याच्याबरोबर उद्या सकाळी दहाला रस्त्याच्या कडेला उभे राहा. त्याला कुठून ओलांडायचं असतं, गाड्या कुठं दबतात, कुठं सुटतात, ते कोऱ्या बाजूवर दोन रेघांत काढा आणि तुमच्या तालुक्याच्या शाखा अभियंत्याच्या हातात नेऊन द्या. त्याला आधी पाणी द्या. भाषण करू नका.