काढणारा चित्रात कसा?

"हालू नका, चेहरा सांडंल!" ब्रश उभा धरून, एक डोळा मिटून पेंटरकाका असं म्हणाले की समोरचा माणूस श्वास घ्यायचाही विसरायचा. खरं तर ते पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात 'धोका' आणि 'धूम्रपान मनाई'च्या पाट्या रंगवायला येत. पण डबे उघडण्याआधी कुणाचं तरी तोंड मापल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पाट्यांवर पोट भरणारी आणि मनात भलतंच काही रंगवणारी. काका जवळच्याच शिरवणे गावचे, मूळचे तिथलेच. लग्न केलं नव्हतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझ्यासमोर चहा पिताना त्यांचा विषय एकच, घरच्यांचं एकत्र चित्र. "बाबा मिठागरात, आय मासली घेऊन बाजारात. आमी सगली एका जागी कदी उभीच नाय राहिलो, साहेब. आता मीच उभी करनार."

"आणि तुम्ही कुठे उभे राहणार?"

"काढनारा चित्रात कसा?" ते हसून म्हणायचे. फोटोसुद्धा कधी काढू दिला नाही.

वडिलांचा एक जुना फोटो होता. भाऊ-बहीण समोर बसायला होते. आई मात्र कधीच गेलेली आणि तिचा फोटो एकही नव्हता. वर्षभर खपून काकांनी चित्र पुरं केलं, काच लावून घेतली आणि आईच्या श्राद्धाला भिंतीवर टांगलं. मलाही आग्रहाने बोलावलं.

धाकटा भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ही आय नाय. दादा, हा तर तूच लुगरं नेसून बसलायस!" सगळं घर हसलं. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. काकांनी चित्र उतरवलं आणि रंगाच्या डब्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

पुढे एकदा पाटी रंगवता रंगवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आरसा ठेवला होता समोर. सगली बोलायची, तू आयच्या तोंडवल्यावर गेलास. तिला आनखी कुटं बघनार होतो, साहेब?" मी नुसता चहा पुढे केला.

यंदाच्या थंडीत काका गेले. तेराव्याला पाटावर ठेवायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. "हा आपला दादा नाय," म्हणत बहिणीने तो पालथा घातला. मग भाऊ उठला. डब्यांमागचं चित्र काढून त्याने शर्टाच्या बाहीने काच पुसली, हार उचलला आणि तसाच थांबला. चित्रात तो स्वतः होता, बहीण होती. जित्या माणसांवर हार कसा घालायचा?

त्याने हार खाली ठेवला. बोट गंधात बुडवून आईच्या कपाळावर टेकवलं. गंध पातळ होतं, काचेवरून ओघळायला लागलं.

"हालू नको, दादा," तो म्हणाला. "हालू नको."