आत्याबाईंच्या छातीवरच्या रेघा

माझी जीभ तिखट. सासरी आले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या-गेल्याला सांगायच्या, हिला तोंड हाय म्हणून बरं, नायतर कुत्र्यानं ओढून नेली असती. पुढं त्याच तोंडाच्या जिवावर मी त्यांना घेऊन अख्खं शहर पालथं घातलं.

दुष्काळाचं साल होतं. शहराबाहेर, पडेगावच्या पुढं नव्या प्लॉटिंगात आमचं घर. बोअर आटलेलं, टँकर आला तर आला. शेजारच्या इमारतींचे मजले चढत होते, त्यांच्या सिमेंटला पाणी मिळायचं आणि आम्ही ड्रम घेऊन रस्त्यावर. माझा नुसता संताप व्हायचा.

त्यातच आत्याबाईंच्या डाव्या छातीत गाठ निघाली. क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात सरकारी योजनेच्या कार्डावर ऑपरेशन झालं, छाती काढली. सर्जन म्हणाले, टाके सुकले की लगेच लाईट सुरू झाले पाहिजेत, नाहीतर केलेलं ऑपरेशन वाया जाईल. लाईट म्हणजे रेडिएशन. आणि ते त्यांच्याकडं नव्हतं.

मग सुरू झाली वणवण. नवरा कंपनीत शिफ्टला, त्यामुळं स्कूटीवर मागं आत्याबाईंना बसवून मीच फिरायची. एका ठिकाणी योजना होती, पण मशीन नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मशीनही होतं आणि दारावर योजनेचा भला मोठा बोर्डही, पण खिडकीतला माणूस म्हणाला, ती ऑपरेशनला, लाईटला नाही. मी विचारलं, मग बोर्ड काय दृष्ट लागू नये म्हणून टांगलाय? तिसऱ्या ठिकाणी सगळंच होतं, फक्त नंबर लागायला दोन-तीन महिने. टाके तर सुकत आले होते. स्कूटीवर माझ्या कमरेला धरलेला आत्याबाईंचा हात रोज जास्त घट्ट होत होता.

त्या तिसऱ्या दवाखान्याच्या बाकावर सिल्लोडच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या नवऱ्याला घशाची गाठ होती. त्यांनी त्यांच्या दख्खनी उर्दूत एका डॉक्टरांचा पत्ता सांगितला, ते कार्डवाल्याला परत पाठवत नाहीत म्हणाल्या, फक्त सकाळी सकाळी गाठा.

आम्ही गाठले. डॉक्टर मान वर न करता कागद बघत होते. मी भांडायच्या तयारीनंच उभी होते. ते म्हणाले, "कार्ड चालेल. उशीर चालणार नाही."

मला रडूच फुटलं. आत्याबाईंपुढं मी त्याआधी कधी रडले नव्हते.

दोन दिवसांनी त्यांना मशीनखाली झोपवून, मापं घेऊन, छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या. सोमवारपासून रोज लाईट. तोवर रेघांना पाणी लावायचं नाही, त्या गेल्या तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि तुमची वेळ दुसऱ्याला जाईल, असं बजावलं. आत्याबाई हसल्या. पाण्याचा एवढा खडखडाट, आंघोळ नको म्हणणारा डॉक्टर देवासारखाच भेटला म्हणायच्या.

रविवारी मी कोपऱ्यावर टँकरला उभी होते. हंडा घेऊन घरात आले तर आत्याबाई मोरीत दगडावर बसलेल्या, केसांतून पाणी निथळतंय, अंगावर लुगडं तसंच ओलं. गावाकडून फोन आला होता. त्यांचे चुलत दीर गेले होते, ज्यांच्या बांधाला बांध लावून आत्याबाईंनी अर्धं आयुष्य काढलं ते. भाऊकीत मयत झाल्याचं कानावर आलं की आहे त्या कपड्यांनिशी डोक्यावरून आंघोळ करायची, ही आमच्याकडची रीत. त्यांनी केली. जांभळा रंग लुगड्यात उतरला होता.

मी हंडा तिथंच आदळला. "तुम्हाला मरायचंय का?"

"गेलेल्या माणसाला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "अंगावर रेघा हायत, म्हणून तुझ्या नावानं पाणी घेतलं नाय, असं?"

मी हंडा उचलून कडेला ठेवला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, रेघांचं काय, परत ओढतील की. शिंप्याचा खडू पुसला तर तो दुसऱ्यांदा मारतोच ना.

डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते मी पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी मी पेन घेऊन बसले. कुठं कुठं पुसट खुणा होत्या, त्यांवरून गिरवून टाकू म्हटलं, कुणाला कळतंय. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. नको पोरी, बोटभर चुकलं तर भलतीकडंच जाळ लागायचा. मी पेन ठेवलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी जेवलो नाही.

सोमवारी डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. बाहेर बाकावर पुढचा पेशंट वाट बघत होता. पुसल्या कशा, त्यांनी विचारलं. आत्याबाईंनी सुतक सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी वहीतल्या पुढच्या तारखा बघितल्या, मग म्हणाले, "दहाव्याला गावी जाणार असाल तर आत्ताच सांगा. मी ही वेळ दुसऱ्याला देतो. मधे खंड चालत नाही."

भाऊकीतली सगळ्यात थोरली बाई दहाव्याला नाही, असं आमच्याकडं होत नाही. आत्याबाई खाली बघत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटून उभी राहिले.

"नाय जात," त्या शेवटी म्हणाल्या. "पण रेघा नका ओढू आता. गोंदा. भाऊकी लई मोठी हाय, उद्या कुणी गेलं तर मी परत आंघोळ करीन."

डॉक्टर हसलेच. सुईनं ठिपके देता येतात, पण टोचेल, म्हणाले. आत्याबाईंनी दंडावरचं हिरवं गोंदण पुढं केलं. हे गोंदलं तवा माझे दुधाचे दात पडायचे होते, म्हणाल्या, मला काय सुईचं भ्या घालता. आणि माझ्याकडं वळून, मेल्यावर बाकीचं सगळं काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं जातं.

दुपारी पुन्हा मापं झाली. तीन ठिपके दिले, आणि दुसऱ्या दिवशी लाईट सुरू झाले. दहाव्याच्या सकाळी, गावी सगळे नदीवर गेले असतील त्या वेळेला, आत्याबाई दवाखान्याच्या बाहेर येऊन गावाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. प्यायच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन खाली सोडलं. मग आत जाऊन मशीनखाली झोपल्या.

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या. माझ्या लेकीचं लग्न बघितलं, माझ्या तोंडाबद्दल जावयालाही सांगून झालं. गेल्या त्या म्हातारपणानं, झोपेत.

शेवटची आंघोळ मी घातली. तोवर आमच्या गल्लीत नळ आला होता. छातीवरचे तिन्ही ठिपके जिथल्या तिथं होते. मी त्यांच्यावरून हात फिरवत पाणी घालत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, बास झालं आता. मी आणखी एक बादली मागितली.