मागच्या दारच्या मावशींची वाटी

आमच्या मागच्या दारच्या मावशींनी उभ्या आयुष्यात एकदा तरी किराणा विकत आणला असेल, यावर आमच्या गल्लीत कोणाचा विश्वास बसणार नाही. कळंब्याच्या रस्त्याला त्यांचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून होतं. मधे फक्त एक धुण्याचा दगड. तो ओलांडून मावशी रोज यायच्या. परिस्थिती उत्तम होती. गावाकडे ऊस होता, माळ्यावर गुळाच्या ढेपा होत्या. पण चहाला साखर लागायची ती आमचीच. ती न्यायला आणलेल्या भांड्याला त्या वाटी म्हणायच्या. आमच्याकडे तेवढ्या भांड्यात चौघांची आमटी होत असे.

नेलेल्या वस्तूविषयी मत देणं हा तर त्यांचा हक्कच. उन्हाळ्यात डंकावरून कांदा-लसणाची चटणी कुटून आली, की पहिली वाटी त्यांची आणि दुसऱ्या दिवशी निकालही त्यांचाच. यंदा खोबरं कमी पडलंय, असं सांगून त्या खात्री करायला आणखी थोडी न्यायच्या. एकदा त्यांनी आमचा भरलेला सिलेंडर नेला. थोड्याच दिवसांत आमचा चालू सिलेंडर संपला आणि आईला कणीक घेऊन त्यांच्याकडे चपात्या करायला जावं लागलं. म्हणजे आमच्याच गॅसवर. मावशी शेजारी बसून म्हणाल्या, "आच बारीक कर की गं. किती जाळतीस." आई हा किस्सा चिडून सांगायला लागायची आणि शेवटी तिलाच हसू आवरायचं नाही.

मग बाबांचा कारखाना बंद पडला. गल्ली भल्या माणसांची होती, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त आमच्याकडे मागणं थांबवलं. कोपऱ्यावरच्या काकू विरजणासाठी आमचं दार सोडून पुढे जाऊ लागल्या. आमची शिडीसुद्धा कोणी नेईना, जणू शिडी बाबांच्या पगारावर उभी राहत होती. आईला हे फार लागलं. कमी खायची तिची तयारी होती, पण कोणी कीव केलेली तिला सोसत नव्हती. ती मागचं दार दिवसासुद्धा लावून घ्यायला लागली.

एके दुपारी मावशींनी ते दार दणादणा वाजवलं. पावणं आलेत, साखर हवी, म्हणाल्या. डब्यात तळाला होती तेवढीच. आई दारातच उभी राहिली.

"मावशी, समदी गल्ली आमचं दार टाळून पुढं जातीया. तुमीच कशा आला?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. "का? तुमच्यात न्हाय असं मी कशाला धरू? आन लवकर, च्या उकळालाय."

आईने डबा त्यांच्या वाटीत पालथा केला. यावेळची साखर फार बारीक आहे, असं सुनावून मावशी गेल्या. संध्याकाळी आम्ही बिनसाखरेचा चहा प्यालो. तो करताना आई कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

मावशी आता नाहीत. त्यांनी ते आईचं मन ओळखून केलं, की त्यांना खरोखरच साखर हवी होती, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. मला साखरच खरी वाटते. वेळ बघून वागणं त्यांना कधी जमलंच नाही. पण त्या दिवसांत आमच्याकडून काही नेण्यासारखं आहे असं मानणारं अख्ख्या गल्लीत एकच माणूस होतं, आणि माझ्या आईला तेवढं पुरलं.