टँकरवरचा पुढारी

आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याचा मला इतका राग यायचा की त्याचा आवाज कानावर पडला तरी घास कडू लागायचा. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाय. टँकर आला की आधी ह्याच्या बंगल्याचा हौद भरायचा, उरलंसुरलं गल्लीला. एकदा माझी बायको तोंडावर बोलली, "साहेब, आधी लाइनीतल्यांना द्या." तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "ताई, तुमच्या पेंटर नवऱ्याला सांगा, भिंतीवर नदी काढून देईल." अख्खी लाइन हसली. बायको रिकामा हंडा घेऊन घरी आली नि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाय.

म्हटलं, थांब लेका. आता तुझंच हसं करतो, गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवत नाय. बायकोला तसा शब्दच दिला.

महिनाभर खपून मोठं चित्र काढलं. टँकरवर सिंहासन, सिंहासनावर हा, पाय घंगाळात. त्याच्या पायाचं पाणी खाली बायांची रांग हंड्यात धरतेय, तीर्थ म्हणून. औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या हॉलात चार मित्रांबरोबर प्रदर्शन लावलं. येणारे-जाणारे खुदूखुदू हसत होते. मला लई बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला, पाच-सहा पोरं घेऊन. म्हटलं, भडकू दे, भडकायलाच पाहिजे. तो चित्रासमोर उभा राहिला आणि त्यानं खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"वा पेंटर! काय रुबाब काढलाय! गालावरचे वांगाचे डागच गेले की माझे!"

मी बघितलं आणि अंगाचा तिळपापड झाला. खरंच गेले होते. वीस वर्षं वाढदिवसाचे बोर्ड रंगवले मी. पुढारी आला की रंग दोन छटा उजळ, पोट आत, केस काळे, डोळ्यांत चमक. फ्लेक्स आले, ते काम मेलं, पण ह्या मेल्या हाताला कुणी सांगितलंच नाय. राग डोक्यात होता आणि हात गुमान बोर्ड रंगवत बसला होता.

"साहेब, ही तुमची टिंगल आहे," मी ओरडलोच.

"व्हय रे, कलाकार माणूस तू!" त्यानं पाठीवर थाप मारली, चित्राचा फोटो काढायला लावला. पुढच्या वाढदिवसाला बॅनर हाच, असं पोरांना सांगून निघून गेला.

बायको मागं खुर्चीवर बसून सगळं बघत होती. मी तिच्यापुढं त्याला नाय नाय त्या शिव्या घातल्या. नालायक, निर्लज्ज, गेंड्याच्या कातडीचा. तिनं ऐकून घेतलं. मग उठून चित्राजवळ गेली.

"त्याच्या मिशीचा केस न् केस काढलात," ती म्हणाली. "आमची तोंडं कुठायत?"

मी पाहिलं. अकरा बाया, अकराही पाठमोऱ्या, एकसारख्या.

"ह्यातली मी कोणती?" तिनं विचारलं.