बुडती शाळा आणि ग्योतोकुचा मागचा बाक

आमच्या ग्योतोकुच्या, म्हणजे जपानात तोक्योजवळच्या, इमारतीत कचऱ्याचे दिवस ठरलेले आहेत. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, पुठ्ठे बांधून, बाटल्या धुऊन आणि झाकणं काढून. सगळ्याची गाडी येते आणि घेऊन जाते. किश्श्यांची गाडी तेवढी येत नाही, त्यामुळे ते घरातच साचत गेले. कोपऱ्यात कायम मी बसलेला, म्हणून सगळे माझ्याच अंगावर रचले गेले. आता पाय पसरायला जागा उरली नाही. तेव्हा थोडे तुमच्याकडे ढकलतो.

मी नाना. कराडला लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचो. शिक्षण सातवीपर्यंत, आणि तेही मास्तरांनी आणि मी दोघांनी एकमताने थांबवलं. बायको गेली तसं मुलाने, नीलेशने, मला इकडे आणलं. तो रोज रेल्वेने कावासाकीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जातो. सून मुग्धा पुण्यात शाळेत इंग्रजी शिकवायची. इथे मात्र ती बेन्तोच्या, म्हणजे जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात बाइतो करायची. बाइतो म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. भात आला की त्याच्या मधोमध एक खारवलेलं लाल आलूबुखार ठेवायचं, की डबा पुढे.

"नाना, मी बीएड कशासाठी केलं हो? आलूबुखार मधोमध ठेवायला?"

"मधोमध येतंय ना? मग वाया नाही गेलं."

ती माझ्यावर चिडायची, आणि मी तिला चिडवायचो, कारण चिडली की तिचा आवाज जरा तरी ऐकू यायचा. नाहीतर आवाज असा की कुकरची शिट्टी तिच्यापेक्षा स्पष्ट बोलायची. आणि नेमकं तेच आडवं आलं. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर बरेच गोरे मास्तर आपापल्या देशी निघून गेले होते, जवळच्या इंग्रजी शाळेत जागा रिकाम्या होत्या, मुग्धाला नमुन्याचा तास घ्यायला बोलावलंही. आणि परत पाठवलं. "तुम्हाला विषय येतो, पण आवाज फार मऊ आहे, मुलं ऐकणार नाहीत. पुढच्या टर्मला पुन्हा बघू."

त्या दिवशी तिने घरी येऊन सांगितलं, "नाना, पुढच्या वेळी नाही जमलं तर मी शाळा हा विषय बंद करणार. कायमचा." हे ती चिडून बोलली असती तर मी हसलो असतो. पण ती अगदी शांतपणे बोलली होती.

* * *

उपाय काढला निमकरने. निमकर म्हणजे आमच्या घरी दर रविवारी जेवायला येणारा शास्त्रज्ञ. आधी इंग्लंडात होता, मग सेंदाईला, आता तोक्योत. पेशींवर संशोधन करतो, पण कोणाच्या पेशी हे त्याने मला कधी नीट सांगितलं नाही. लग्न झालेलं नाही. मी म्हणतो, "अरे, भिंगातून बघून बायको सापडत नसते."

त्याने इंग्लंडातून आणलेली एक हार्ड डिस्क मुग्धापुढे ठेवली. तीत होती एक बिलायती मालिका. वर्षानुवर्षं चाललेली. सगळी एका शाळेची, आणि ती शाळा कायम बुडायला आलेली. "वहिनी, ह्यातल्या बायका वर्गात आवाज कसा लावतात ते बघा. इंग्रजी पण होईल आणि जरब पण."

मालिकेचं खरं नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही. आम्ही तिला 'बुडती शाळा' म्हणायचो. पोरं काचा फोडतात, मास्तर मास्तरणींच्या भानगडी, कोणीतरी संडासात जाऊन रडतंय, वरून साहेब येऊन सांगतोय की शाळा बंद करणार. मग नवीन हेडमास्तर येतो, शाळा वाचवतो, आणि लगेच कुठेतरी आग लागते. मला इंग्रजी येत नाही. पण शाळा कशी बुडते ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, त्या खात्यात माझा अनुभव दांडगा!

* * *

चौथी प्रेक्षक होती शेजारची साइतो-सान. सान म्हणजे आपलं 'बाई'. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. इंग्रजी सुधारायला म्हणून यायची, येताना चपला दाराशी अशा लावायची की वाटावं त्यांचं लग्न आहे.

पहिला भाग बघून झाला. वर्गात मारामारी, जिन्यात मारामारी, शेवटी हॉलमध्ये मारामारी. मुग्धाने तिला विचारलं, "कसं वाटलं?"

साइतो-सानने आधी चहाचा कप बशीत मधोमध ठेवला. मग म्हणाली, "मुलं झाडू कधी मारतात?"

जपानात पोरं आपला वर्ग आपणच झाडतात. मधल्या सुट्टीनंतर फडकी घेऊन रांगेने फरशी पुसतात. निमकरने तिला सांगितलं की तिकडे झाडायला माणसं येतात, पोरं झाडत नाहीत.

"अच्छा," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम सगळा उलगडा झाला. पुढे त्या शाळेवर कितीही संकटं आली, हेडमास्तर पळाला, पोराला पोलिसांनी धरलं, मास्तरणीचा घटस्फोट झाला, तरी साइतो-सान मान हलवून तेवढंच म्हणायची, "झाडू."

मला विचाराल तर त्या मालिकेचं इतकं नेमकं परीक्षण बिलायतेतही कोणी केलं नसेल.

* * *

एक नियम होता. पुढचा भाग कोणी एकट्याने बघायचा नाही. आणि निमकर त्यातल्या एका नाटक शिकवणाऱ्या मास्तरणीवर लुब्ध आहे हे ती पडद्यावर आली की तो सोफ्यावर कसा ताठ बसायचा त्यावरून आम्हाला कळलेलं होतं.

एका रविवारी मी सहज म्हटलं, "निमकर, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या भागात ती जाते."

"जाते म्हणजे? कुठे जाते?"

"जाते म्हणजे जाते रे. गाडीखाली. मी नीलेशच्या मोबाईलवर बघितलं."

मला मोबाईलवर वेळसुद्धा नीट बघता येत नाही. पण ते निमकरला त्या क्षणी सुचलं नाही. पुढच्या रविवारी तो दारातून आत आला तो थेट माझ्याकडे. "नाना, काहीही काय सांगता! पुढच्या अख्ख्या भागात ती धडधाकट आहे!"

मुग्धाने चष्मा काढला. "निमकर भावजी, तुम्हाला कसं माहीत?"

त्या दिवशी सगळ्यांची कांदाभजी निमकरने तळली. पहिला घाणा काळा झाला. मी म्हटलं, "हे न जळणाऱ्या कचऱ्यात टाका, आणखी जळायचं ह्यात काही राहिलेलं नाही."

* * *

एकदा बुडत्या शाळेच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि त्याच क्षणी आमचे सगळ्यांचे फोन एका सुरात ओरडले. मी म्हटलं, वा, काय आवाज बसवलाय! तोवर वरचा टांगता दिवा हलायला लागला. फोनवरचा भोंगा भूकंपाचा होता.

साइतो-सानने गॅस बंद केला, बाहेरचं दार उघडून त्यात चप्पल अडकवली, दार वाकून अडकू नये म्हणून. मुग्धा टेबलाखाली. मी टीव्हीला मिठी मारून. टीव्ही नीलेशने हप्त्यावर घेतला होता, म्हातारा तसा नव्हता.

निमकर मात्र टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला. मोठा भूकंप झाला तेव्हा हा सेंदाईत, अगदी तडाख्यात होता. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नाही आणि मी, सगळ्या जगाची टिंगल करणारा माणूस, त्याला कधी विचारत नाही. साइतो-सान त्याच्या शेजारी जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

हलणं थांबलं. मग टेबलाखालून निमकरचा आवाज आला, "पॉज केलं होतं का कोणी?"

केलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून स्फोट पुन्हा पहिल्यापासून बघितला.

* * *

हळूहळू मुग्धाला ती मालिका चढली. त्यातली एक हेडमास्तरीण पोरांना खालच्या आवाजात फक्त एवढंच म्हणायची, की माझ्या ऑफिसात ये, आत्ता. मुग्धाने ते वाक्य उचललं आणि घरात वापरायला काढलं.

नीलेश उशिरा आला. जेवायला बसणार, तेवढ्यात मुग्धा इंग्रजीत म्हणाली, "माझ्या ऑफिसात ये. आत्ता."

"कुठलं ऑफिस?"

दोन खोल्यांच्या घरात ऑफिस कुठून आणणार? तिने बाल्कनीकडे बोट दाखवलं. थंडीत, वाळत घातलेल्या पायजम्यांच्या मधे उभं राहून माझ्या मुलाने कंपनीतून घरी फोन का केला नाही याचा खुलासा दिला. आत आल्यावर मी विचारलं, "काय रे, पालकांना बोलावलंय का?"

"बाबा, तुम्ही हसू नका," तो म्हणाला. "पुढचा नंबर तुमचा आहे."

खरंच होता. पण नवऱ्याला बाल्कनीत उभं करणं वेगळं आणि अनोळखी वर्गापुढे तोंड उघडणं वेगळं. कारखान्यात शेजारची बाई चुकीच्या ठिकाणी आलूबुखार ठेवते हे मुग्धाला आठवडाभर दिसत होतं, तरी तिच्याशी बोलताना हिचा आवाज पुन्हा कुकरच्या खाली.

* * *

म्हणून आम्ही सराव घेतला. मुग्धा शिकवणार, आणि मी, निमकर आणि साइतो-सान मिळून बुडत्या शाळेतली वाह्यात पोरं.

मला काही अभिनय करावा लागला नाही. निमकरने पाय टेबलावर टाकायचा प्रयत्न केला, पण आधी पायमोजे स्वच्छ आहेत का ते बघितलं. साइतो-सानला काही जमेना. ती ताठ बसून सगळं ऐकत होती. मी खुणावलं, काहीतरी कर. तिने हात वर केला.

"बोला, साइतो-सान," मुग्धा म्हणाली.

"आता मी वाईट वागू का?"

परवानगी मिळाली. तिने एक कागद घेतला, आधी त्याची नीट घडी घातली, मग ती चुरगळली आणि डोळे मिटून मुग्धाच्या दिशेने फेकली. लगेच उठली, बोळा उचलला, वाकून माफी मागितली आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकला.

मुग्धा हसता हसता खाली बसली. "नाना, असल्या पोरांवर मी आवाज कसा चढवणार?"

* * *

आता तो दिवस. त्या शाळेत अशी पद्धत होती की पालक मागे उभे राहून वर्ग बघतात त्याच दिवशी नव्या उमेदवाराला एक तास द्यायचा. निकाल हेडमास्तर देणार. मुग्धा सकाळपासून एका जागी बसली नव्हती. चहासुद्धा तिने उभ्यानेच घेतला.

मी आणि निमकर पालक म्हणून घुसलो. गेटवर एक माणूस ट्रॅकसूट आणि पांढरे हातमोजे घालून पालकांच्या सायकली एका रेषेत लावत होता. मी रेषेतली एक सायकल हळूच वाकडी केली. त्याने सरळ केली. मी पुन्हा वाकडी केली. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि पुन्हा सरळ केली. माणूस चांगला वाटला. मी निमकरला म्हटलं, "ह्याला सांग, सायकली कुठे पळत नाहीत. माझ्या सुनेचा तास आहे, चल बघायला."

निमकरने जपानीत काहीतरी बरंच सभ्य सांगितलं. त्याने हातमोजे काढले आणि आला.

वर्ग भरला होता. देशोदेशीची पोरं, पण बसलेली कशी, हाताची घडी घालून, चिडीचूप. मुग्धा दंग्याची तयारी करून आली होती आणि दंगा करायला कोणी तयार नाही! ती बोलायला लागली. पहिलं वाक्य तिसऱ्या बाकापर्यंत पोचलं, दुसरं पहिल्या. मागची पोरं कान पुढे करून बसली. पुन्हा तेच होणार होतं.

"हिला कोणीतरी छळा रे," मी निमकरला म्हटलं.

निमकरला भाषांतराची सवय. त्याने ते ट्रॅकसूटवाल्याला सांगितलं. तो फिसकन हसला आणि त्याने विचारलं, का? मग मी सांगितलं की ही घरी नवऱ्याला बाल्कनीत उभं करते. निमकरने भाषांतर केलं. तो आणखी हसला. मग मी थंडीतल्या पायजम्यांचं सांगितलं. आम्हा तिघांची कुजबुज वाढत गेली, शेजारच्या आया वळून बघायला लागल्या.

मुग्धा थांबली. खडू खाली ठेवला. आणि मग तो आवाज आला. मोठा नव्हता. मी आयुष्यभर आवाज भाड्याने दिलेत, पण असा माझ्याकडे कधीच नव्हता.

"मागचे तिघं. बाहेर."

पोरांच्या पाठी ताठ झाल्या. निमकर पहिला बाहेर. त्याच्यामागे मी. ट्रॅकसूटवाल्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग बोट स्वतःच्या नाकाला लावलं. इथे 'मी का?' असं विचारायचं असलं की नाकाला बोट लावतात.

"तुम्हीच," मुग्धा म्हणाली.

तो बाहेर आला. कॉरिडॉरमध्ये आम्ही भिंतीला पाठ लावून ओळीने उभे. एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन जात होती, ती त्याच्यापुढे थांबली, वाकली आणि म्हणाली, "कोचो-सेन्सेइ."

कोचो-सेन्सेइ म्हणजे हेडमास्तर. एवढं जपानी मलाही येतं. ह्याच टर्मला नवीन आलेले. मागच्या खेपेला दुसरेच होते, त्यामुळे मुग्धाने ह्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं.

निमकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग वळून कमरेत वाकायला लागला, एकदा, दोनदा, थांबेचना. कोचो-सेन्सेइंनी ओठावर बोट ठेवलं. आत तास चालू होता. दाराच्या काचेतून आम्ही तिघंही बघत राहिलो. कोणी उभं राहून वाचत होतं, चार हात एकदम वर जात होते, काहीतरी झालं आणि सगळा वर्ग हसला, आणि मुग्धाने नुसतं बघितल्याबरोबर गप्प झाला.

घंटा झाली. मुग्धा दार उघडून बाहेर आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

कोचो-सेन्सेइ पुढे झाले. हात जोडून पोटाशी धरलेले. सोप्या इंग्रजीत, मलाही समजेल अशा, त्यांनी विचारलं, "मॅडम, सोमवारी पहिल्या तासाला मी तुमच्या वर्गात आलो तर चालेल?"

मुग्धाने त्यांना ट्रॅकसूटपासून बुटांपर्यंत नीट बघून घेतलं.

"गप्प बसणार असाल तर या," ती म्हणाली. "पण ह्या दोघांना आणू नका."