मातीची बांगडी

आमच्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. लग्न होऊन मी दिघोरीला आले, त्या वर्षी आमच्या ह्यांना बोडीचंच वेड लागलं होतं. कार्तिकात धान कापून होत नाही तोच ह्यांनी एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कमरेइतका खड्डा खणला. सकाळी पाहतात तर पाणीच पाणी! अर्धं गाव दाखवायला आणलं.

सासूबाई म्हणाल्या, "बापू, हे धानाचं पाणी होय. बाजूच्या बांध्यांतून झिरपलं. वैशाखात पाह्य, मंग नाच."

वैशाखात खड्डा ठणठणीत कोरडा. हे तोंड पाडून बसले. सासूबाईंनी मात्र तळातली पिवळी माती काढून माझ्यापुढे टाकली. "चुलीसाठी मळते तशी मळ, अन् बांगडी वळ. तडकली नाही तं हे माती पावसाचं पाणी धरते."

नाही तडकली. ह्यांनी ती सासूबाईंसमोरच माझ्या हातात चढवली. "घे. सोन्याची मंग पाहू."

सोन्याची काही आली नाही बाई. पण बोडी झाली, अजून शिंगाडे देते.

आता हे नाहीत. मुलाला मासळीसाठी दुसरी बोडी हवी. कापणीनंतर त्यानं आमच्या सगळ्यात चांगल्या बांधीत खड्डा खणला, पाणी लागलं, की लगेच जेसीबीवाल्याला फोन! वर्षाचा तांदूळ त्याच बांधीचा. ती गेली आणि बोडीही आटली तर खायचं काय?

"उन्हाळाभर थांब," मी म्हटलं.

"कायले, आई? पाणी डोयानं दिसून राहिलं."

"तुह्या बापालेही दिसलं होतं."

हसला, पण थांबला.

वैशाखात तोही खड्डा कोरडा. तळाशी नुसता मुरूम. मी काठावर बसून बांगडी वळली, तिचे तुकडे झाले. पुन्हा वळली, पुन्हा तुकडे. तो कुदळ घेऊन जुन्या बोडीखालच्या पडीक कोपऱ्याकडे गेला.

उन्हं उतरता उतरता परत आला. "आई, हात आण."

हे गेल्यापासून माझा हात रिकामाच. त्यात त्यानं पिवळ्या मातीची जाडजूड बांगडी चढवली. सैल, ओली, गार. कुठं तडा नाही.

"आता बलावू जेसीबी? बांधी तुही तशीच राहते."

"बलाव," मी म्हटलं. "पण हे बांगडी वाळेपर्यंत मले उठवू नोको."