भाऊजींची सातजणांची गाडी

माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, लग्न केलं नाही. पण गाडी घेतली ती सातजणांची. आमच्या ह्यांनी तेव्हा टोमणा मारला होता, "बायकोचा पत्ता नाही आणि गाडी वऱ्हाडाची."

"वऱ्हाड तुझंच आहे की," भाऊजी म्हणाले होते.

दुकानात त्यांनी रंग पाहिला नाही. सासूबाईंचे गुडघे दुखत, म्हणून आधी पायरीची उंची पाहिली, दार सरकतं आहे ना ते पाहिलं. मधली सीट पुढे ढकलली की मागच्या रांगेत जायला वाट व्हायची. तिथे आमची मुलं बसत. सगळ्या सीटा भरल्या की डिकीत एक पिशवी धड मावत नाही, हे मात्र घरी आल्यावर कळलं. मग पिशव्या आमच्या मांडीवर.

सासूबाई देवाघरी गेल्या, मुलं शिकून दूरच्या गावी राहिली. तरी भाऊजी रोज सगळ्या सीटा फडक्याने पुसत. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. विकणं भागच होतं, पण त्यांची एक अट होती: गाडी भरल्या घरात जावी.

आधी लॉन्ड्रीवाला आला. "मागच्या सीटा उपटून टाकतो, गठ्ठे मस्त बसतील," म्हणाला. भाऊजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आज एक तरुण आला. बायको, लहान मुलगी आणि आईवडील बरोबर. भाऊजींचा चेहरा फुलला. "ही आईची जागा. इथे वहिनी," असं एकेक दाखवत राहिले. तरुणाने चालवून बघायला घेतली. त्याचे वडील पुढे, आम्ही तिघी बायका मध्ये, म्हणून भाऊजी त्या मुलीबरोबर मागे गेले. तिथे ते कधी बसलेच नव्हते.

"काका, एसी मागे पोचतो का?" तरुणाने विचारलं. उत्तर नाही. मी वळून पाहिलं. भाऊजी गुडघे छातीशी घेऊन, कानामागे हात धरून बसले होते.

"त्यांना इथे ऐकू येत नाही," मुलगी ओरडून म्हणाली. "मलाही नाही."

उतरल्यावर भाऊजी म्हणाले, "लांब जायचं तर मागे कुणाला बसवू नका. पाय आखडतात."

तरुणाची आई हसली. "अहो, विकायचीय ना तुम्हाला?"

"म्हणून तर सांगतोय."

त्यांनी गाडी घेतली. ती वळणाआड गेल्यावर भाऊजी घराच्या पायरीवरच बसले.

"वहिनी, मी इतकी वर्षं पुढून बडबडत होतो. मुलं गप्प असायची. मला वाटायचं, ऐकताहेत."

"मी ऐकत होते ना, भाऊजी."

"तुम्ही झोपायचात. आरशात दिसायचं मला."

जेवायला हाक मारली, तर भूक नाही म्हणाले. संध्याकाळी मी देवापुढे बसले तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी मागायचं होतं. काय मागावं ते सुचेना. नुसतं त्यांचं नाव घेतलं.